रामकुंडावरच्या दोन विहिणी

माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली, तेव्हा तिच्या दोन्ही आज्यांनी नाशिकच्या देवांना नवस बोलले. एकीचा नवस दुसरीला माहीत नव्हता, कारण त्या दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

माझं माहेर मुलुंडचं. वडील मालवणाकडून मुंबईत आले ते गिरणीत लागले, आणि गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. मी कॉलेजात असताना ते गेले. आईने घरगुती डबे करून मला शिकवलं. सासर वेसाव्याचं, म्हणजे ज्याला बाकीची मुंबई वर्सोवा म्हणते तिथलं. सासूबाई पक्क्या कोळीण. सासऱ्यांच्या मागे घरची बोट विकली गेली, पण त्यांनी डोक्यावरची पाटी सोडली नाही. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची आणि अंधेरीच्या बाजारात बसून विकायची. मी आणि त्यांचा मुलगा अंधेरीतल्या एकाच ऑफिसात कामाला होतो. तिथेच आमचं जमलं.

आम्ही लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा सासूबाई स्वतःहून मुलुंडला आल्या. अंगावर जरीचं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, हातात पेढ्यांचा पुडा आणि माझ्यासाठी हिरवी साडी. आईने त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि मग शांतपणे म्हणाली, "मासळी घ्यायला मी तुमच्या दारात येईन, मुलगी द्यायला नाही."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, साडीची घडी माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेल्या. पुडा टेबलावरच राहिला. आमचं लग्न रजिस्टर झालं. आई आली, पण शेवटच्या खुर्चीवर बसली आणि सह्या होताच निघून गेली. आमच्या घरी मासे नसले की वडील जेवत नसत, आईच्या हाताच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याला चाळीत तोड नव्हती. तरी तिचं म्हणणं एकच, खाणं वेगळं आणि नातं वेगळं.

मग मुलगी झाली. इतकी लहान की नवऱ्याच्या तळहातावर मावली असती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि रोज सकाळी तिचं वजन करत. ते वजन वाढलं की घटलं, यावर आमचा सगळा दिवस ठरायचा. वॉर्डाबाहेर एक लांब बाक होतं. त्याच्या एका टोकाला आई बसायची, दुसऱ्या टोकाला सासूबाई. नर्स वजन सांगून गेली की दोघी एकदमच उभ्या राहायच्या आणि पुन्हा आपापल्या टोकाला बसायच्या.

मुलगी घरी आली, बाळसं धरलं, चालायला लागली, चांगली चार वर्षांची झाली, आणि मग एके दिवशी सासूबाई म्हणाल्या की आता रामाचं देणं द्यायला हवं. पंचवटीत पोरीची गुळाने तुला करीन असं त्यांनी बोलून ठेवलं होतं. मला नवल वाटलं. आमच्या कोळीवाड्याची एकवीरा सोडून यांनी रामाला का धरलं? विचारलं तर म्हणाल्या, रामाला होडीत घालून नदीपार कोणी नेलं? आपल्याच माणसाने. त्याने होडीचं भाडं घेतलं नाही, म्हणजे रामाकडे आपलं तेवढं बाकी आहे.

त्याच आठवड्यात मुलुंडला गेले तर आईने तेच काढलं. तिच्या गावचा देव रामेश्वर, त्यामुळे तिची सगळी भिस्त महादेवावर. नाशिकच्या कपालेश्वराला नातीला घेऊन येईन आणि दुधाचा अभिषेक करीन, असं ती हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसून बोलली होती. नवरा हसायलाच लागला. म्हणाला, दोन वेळा रजा मिळणार नाही तुला. दोघींना एकदमच घेऊन जा, भांडल्या तर गोदावरी आहेच.

दोघींनी आधी नाही म्हटलं. पण नवसाला उशीर झाला होता आणि त्याची भीती रागापेक्षा मोठी होती.

ठाण्याहून आम्ही एसटी पकडली. मी मधे आणि दोघी दोन बाजूंना, असं बसता येईना, म्हणून मी सासूबाईंजवळ बसले आणि आई मागच्या सीटवर एका अनोळखी बाईशेजारी. मुलगी पुढे-मागे करत राहिली. कसारा घाटाच्या आधी डबे उघडले. आईने घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी आणली होती, सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी. नवसाला जाताना मासळी दोघींनीही वर्ज्य केली होती. मुलीने दोन्ही खाल्लं. दोघी तिरप्या नजरेने बघत होत्या, कुणाचं जास्त खाते ते.

नाशिकला एका धर्मशाळेत रात्र काढली आणि सकाळी रामकुंडावर आलो. थंडीचे दिवस होते. पाण्यावर वाफ होती. घाटावर केस उतरवलेली माणसं, ओल्या धोतरांतले भटजी, फुलवाल्या, आणि प्रत्येक कोपऱ्यात छोटंसं देऊळ. आईने नातीला मांडीवर घेऊन गोदावरीची गोष्ट सुरू केली. गौतम ऋषींच्या शेतात गाय शिरली, त्यांनी तिला दर्भाच्या काडीने हाकललं तर ती मरूनच पडली. मग ते पाप धुवायला त्यांनी तप करून गंगेला इथे आणलं. आई गोष्ट छान सांगायची. गाय मेली म्हणताना तिचा आवाज असा पडला की मुलीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सासूबाई सरळ पाण्यात उतरल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बुडी मारली. दम धरून किती वेळ आत राहिल्या कोण जाणे, वर आल्या तेव्हा घाटावरचे दोघे-तिघे त्यांच्याकडे बघत उभे होते. त्यांनी नातीला हाक मारली आणि होडीवाल्याची गोष्ट सांगितली. तुमच्या पायाच्या धुळीने दगडाची बाई होते, माझ्या होडीची बाई झाली तर मी धंदा कशाने करू, म्हणून त्याने आधी रामाचे पाय धुवून घेतले. मुलगी खदाखदा हसली.

आई पायरीवरूनच माझ्याकडे बघून म्हणाली की ते गंगेवर झालं, इथे नाही. सासूबाईही माझ्याकडेच बघून म्हणाल्या, पाणी सगळं एकच. दोघींचं भांडण असं माझ्यामार्फत चालायचं.

आईला पाण्याची भीती होती. तिच्या लहानपणी गावच्या खाडीत तिची मोठी बहीण बुडाली होती, त्यामुळे ती समुद्रावरही वाळूतच थांबायची. त्या दिवशी तिने तांब्याने पाणी घेऊन पायावर, डोक्यावर घातलं आणि तेवढ्यावर स्नान झालं म्हणाली. सासूबाईंनी ते पाहून ठेवलं.

काळारामाच्या देवळात आम्ही गर्दीच्या आधी पोचलो. काळ्या दगडाचं उंच देऊळ, आत काळी मूर्ती. ती मूर्ती गोदावरीच्या पाण्यात सापडली, अशी गोष्ट तिथे सांगतात. देवाने स्वप्नात येऊन जागा दाखवली आणि लोकांनी पाण्यात उतरून ती वर काढली. ते ऐकून सासूबाईंना फार आनंद झाला. देवळाच्या ओवरीत बसून त्यांनी मला दोनदा तीच गोष्ट सांगायला लावली. बाहेर आल्यावर एका गुळाच्या दुकानात तुला झाली. दुकानदाराकडे पोती तोलायचा मोठा तराजू होता. एका पारड्यात मुलगी फ्रॉक सावरून बसली, दुसऱ्यात सासूबाई गुळाच्या ढेपा रचू लागल्या. पारडं हलेना. आणखी एक ढेप, तरी हलेना. मुलीला मजा वाटली, ती जोर लावून बसली.

मागून आईचा आवाज आला, "अजून घाला. वजनदार आहे नात."

हॉस्पिटलच्या त्या रोजच्या वजनानंतर हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोरचा तराजू धूसर झाला. सासूबाईंनी शेवटची ढेप ठेवली, मुलीचं पारडं जमिनीवरून वर आलं, आणि त्या पदराने डोळे पुसत देवळात गूळ देऊन आल्या.

तिथून सीतागुंफेला गेलो. पाच मोठे वड आणि त्यांच्या सावलीत एका जुन्या घरासारखी इमारत, तिच्या पोटात गुहा. याच जागेहून सीतेला पळवलं, असं म्हणतात. आत जायला इतकी अरुंद वाट की एकाच माणसाने वाकून, मधे मधे बसून सरकत उतरायचं. पुढे मी, माझ्यापुढे मुलगी, मागे आई आणि तिच्या मागे सासूबाई. मुलगी सुळकन उतरून गेली. मी वळणावरून पुढे सरले आणि मागे आई अडकली.

ती अडकण्याएवढी जाडी नव्हती. पण मागे-पुढे माणसं, डोक्यावर दगड, हवा कोंडलेली. तिचे हात भिंतींना घट्ट लागले आणि ती पुढेही जाईना, मागेही जाईना. मान वळवून पाहिलं तर अंधुक उजेडात मला तिचा चेहरा दिसला. ओठ पांढरे पडले होते. तिची मालवणी बाहेर आली, जी एरवी फक्त गावच्या माणसांशी असायची.

"माका भायर काढ गो."

मला मागे फिरता येईना. वरून लोक ओरडू लागले की पुढे चला. तेव्हा सासूबाईंनी मागच्यांना एका शब्दात गप्प केलं. बाजारात बसून कमावलेला आवाज होता तो. मग त्या आईच्या मागच्या पायरीवर बसल्या, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, मी हाय मागं. डोळे मिटा. होडीत बसलाय समजा, होडी जाते आपली आपली."

"होडीत?" आई म्हणाली. "माका बुडवतंस काय?"

सासूबाई हसू लागल्या. त्या हसल्या की सगळं अंग हलायचं त्यांचं. ते हसू पाठीला लागलं असेल, कारण आईही हसली, रडत रडत. तिचे हात भिंतीवरून सुटले. सासूबाईंनी तिला एकेक पायरी बसवत, सरकवत खाली आणलं. आत राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती होत्या, पण त्या आम्ही कुणीच नीट पाहिल्या नाहीत. मी आईच्या तोंडाकडे बघत होते.

बाहेर वडाखाली सासूबाईंनी तिला उसाचा रस पाजला. आईने ग्लास रिकामा केला. मग तिने विचारलं की तुम्हाला कधी भीती वाटत नाही का. सासूबाई म्हणाल्या, वाटते ना. पावसाळ्यात घरधनी बोटीवर गेले की वाटायची, पोर पेटीत होती तेव्हा वाटायची. एकटीला वाटते, कुणी सोबत असलं की नाही वाटत. मी मधे बसले होते, पण त्या वेळी पहिल्यांदाच त्या माझ्यामार्फत बोलत नव्हत्या.

कपालेश्वराचं देऊळ रामकुंडासमोरच, पायऱ्या चढून वर. दुपार टळली होती. सगळ्या महादेवांसमोर असतो तसा नंदी इथे नाही. मुलीने तो शोधला आणि नाही म्हणून विचारलं. आईला गोष्ट माहीत होतीच. महादेवाच्या हातून एकदा घोर पाप घडलं. ते फेडायला तो सगळीकडे हिंडला, पण सुटका होईना. शेवटी एका गोठ्याजवळ त्याने एका गोऱ्ह्याला आपल्या आईशी बोलताना ऐकलं. त्या गोऱ्ह्याने रागाच्या भरात मालकाला मारलं होतं आणि त्या पापाने तो काळा पडला होता. हे पाप कुठे धुतलं जातं ते मला माहीत आहे, म्हणून तो निघाला, आणि महादेव मुकाट्याने त्याच्या मागे गेला. रामकुंडात गोऱ्हा बुडी मारून पांढरा होऊन वर आला. महादेवानेही तिथेच बुडी मारली आणि तोही सुटला. तोच नंदी. वाट दाखवली म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं आणि माझ्यापुढे बसू नकोस म्हणून सांगितलं.

आई ही गोष्ट मला लहानपणापासून सांगत आली होती. त्या दिवशी 'माझ्यापुढे बसू नकोस' इथे येऊन ती थांबली आणि तिने सासूबाईंकडे पाहिलं. मुलीने पुढे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, पुढे काही नाही, संपली गोष्ट.

गुरुजींनी अभिषेकाची तयारी केली. आईने दुधाचा तांब्या उचलला. पूजा एकाने केली तरी घरच्या बाकीच्यांनी तिच्या हाताला हात लावायचा असतो, म्हणजे पूजा सगळ्यांची होते. मी मुलीचा हात धरून पुढे झाले. सासूबाई आपल्या सवयीने मागे, दाराच्या चौकटीपाशी उभ्या होत्या. हा आईचा नवस होता, आणि मुलुंडच्या घरी आपल्याला काय सांगितलं गेलं होतं ते त्या विसरल्या नव्हत्या.

आईने तांब्या तसाच धरून मान वळवली. "विहीणबाई, हात लावा ना."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तेव्हा मी जे बोलले," आई म्हणाली, "ते तोंडातून जायला नको होतं. तुम्ही साडी देऊन गेलात आणि मी तुम्हाला थांबासुद्धा म्हटलं नाही."

गुरुजी मंत्र थांबवून वाट बघत होते. सासूबाई पुढे आल्या, हात पदराला पुसला आणि आईच्या मनगटावर ठेवला. बर्फाने आणि खवल्यांनी राठ झालेला तो हात, त्यावर चार सोन्याच्या बांगड्या. "राहू दे ते," त्या म्हणाल्या. "दूध घाला, पोर कंटाळली." दुधाची धार पिंडीवर पडली. माझा आणि मुलीचा हातही त्यात होता.

संध्याकाळी निघण्याआधी सासूबाईंनी आईला पुन्हा रामकुंडावर नेलं. दोन्ही हात धरून तिला गुडघाभर पाण्यात उतरवलं. आई मोठ्याने महादेवाचं नाव घेत होती. बुडी तिने मारली नाहीच, पण वाकून ओंजळीने पाणी घेतलं, आणि सासूबाईंनी तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. एसटीत मुलगी दोघींच्या मांड्यांवर आडवी झोपली, त्यामुळे त्यांना शेजारी बसावंच लागलं. मी मागच्या सीटवरून ऐकत होते. तिरफळ कधी टाकायचं यावर वाद चालला होता.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली. नारळी पौर्णिमेला आई वेसाव्याला यायची आणि नारळीभात करायची. सासूबाई मुलुंडला गेल्या की आईच्या ओट्यावर बसून शेजारणींच्या पिशव्या उघडून बघायच्या आणि मासळी शिळी असली तर तोंडावर सांगायच्या. रोज संध्याकाळी दोघींचा फोन. दर थंडीत पंचवटी. हळूहळू त्या तपोवनात गेल्या, जिथे लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाला नाशिक म्हणतात, आणि त्र्यंबकला गेल्या, जिथून गोदावरी निघते. प्रत्येक ठिकाणी आई पोथीतली गोष्ट सांगायची आणि सासूबाई त्यातल्या माणसांची बाजू घ्यायच्या. शूर्पणखेचं त्यांना वाईट वाटायचं. लग्नाचं विचारायला आलेल्या बाईचं नाक कापतात का, असं त्या लक्ष्मणाच्या देवळातच म्हणाल्या. आईने त्यांना गप्प केलं नाही.

मग सासूबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाण्यावर बंधन. ज्या बाईने आयुष्य पाण्याजवळ काढलं तिला पाणी मोजून मिळायचं. मी नोकरीवर, नवरा शिफ्टमध्ये. आईने मुलुंडची खोली बंद केली आणि बॅग घेऊन वेसाव्याला आली. ती त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायची, फुलबाजारातून अबोली मागवून वेणीत माळायची. दुपारी त्यांच्या उशाशी बसून गोष्टी सांगायची. मला वाटायचं सासूबाई झोपल्यात, पण मधेच त्या डोळे न उघडता आईची चूक काढायच्या.

त्या घरीच गेल्या, भर दुपारी, आई खोबरं खवत असताना. सगळे विधी झाल्यावर नवरा आईला म्हणाला की आता मुलुंडला परत जाऊ नका. आईने फार विचार केला नाही. म्हणाली, तिकडे कोण आहे माझं.

या वर्षी थंडीत आम्ही तिघी पुन्हा पंचवटीला गेलो. मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. ती देवळांचे फोटो काढत फिरत होती. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मी तिला घाटावरच्या एका कट्ट्यावर बसवलं आणि प्रसाद आणायला गेले. मुलीला घेऊन परत आले तर आईच्या शेजारी एक जळगावकडची बाई बसली होती. तिने आईला विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

मी आईकडे बघितलं. जन्मभर या प्रश्नाचं तिचं उत्तर ठरलेलं असायचं, आधी मालवण, मग मुलुंड.

"वेसाव्याच्या," आई म्हणाली. "कोळीवाड्यातल्या."

त्या बाईला वेसावं कळलं नाही, पण कोळीवाडा कळला. तिने विचारलं की ताजी सुरमई ओळखायची कशी. आईने मुलीला पिशवी धरायला दिली, दोन बोटांनी स्वतःच्या गालाजवळ कल्ला उघडून दाखवला आणि सांगू लागली. आम्ही दोघी बाजूला उभ्या राहिलो. बराच वेळ थांबावं लागलं.